दोन चमच्यांमधली गोळी

ती बाई मला एकदाच भेटली, संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात. माझ्या लेकीचं तान्हं बाळ सुस्त पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "थायरॉईड कमी आहे, त्यामुळं रक्तातलं प्रोटीनही कमी आलंय. रोज गोळी द्या." विहीणबाईंनी त्यातलं प्रोटीन तेवढं ऐकलं. बाहेर बाकावर बसताच लेकीला म्हणाल्या, "तुझ्या दुधातच कस नाय. आजपासून डब्याचं दूध पाजायचं."

लेक रडू लागली. मला बोलायचं होतं, पण चारचौघांत माझं तोंड उघडत नाही.

शेजारी सोयगावकडची ती बाई बसली होती. तिची पोरगी बाकाखाली शिरून सगळ्यांच्या चपला पळवत होती. "मावशी," ती विहीणबाईंना म्हणाली, "ही बी अशीच निपचित होती. गोळीनं रक्त सुधारलं. आता बघा, कुणाच्या पायात चप्पल ठेवंना."

विहीणबाई हसल्या नाहीत. बाईनंही वाद घातला नाही. आपल्या जेवणाच्या डब्यातले दोन चमचे काढले, आमच्या नुकत्याच आणलेल्या पाकिटातली गोळी त्यांच्यामध्ये दाबून पीठ केलं आणि चमचा लेकीपुढं धरला. "चार थेंब दे गं. गोळी ह्याच दुधात द्यायची असती."

लेकीनं डोळे पुसले, पदराआड दूध काढलं. बाईनं ते बाळाच्या गालात हळूहळू सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंनी स्वतःच दोन चमचे धुतले आणि लेकीला हाक मारली, "ये गं, चार थेंब दे."