साहेबांची विचारपूस

लक्ष द्या, लक्ष द्या! समस्त नोकरीइच्छुक माता-भगिनींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की, मुलाखतीत साहेबांनी "घरी कोण कोण असतं?" असं प्रेमाने विचारल्यास तत्काळ सावध व्हावं. मी झाले नाही. म्हणून मला ऐकावं लागलं, "ताई, तुम्हाला एवढ्या पगाराची गरजच काय?"

लोअर परळ. काचेचा टॉवर. छापखान्याची माझी कंपनी भिवंडीला गेली आणि खरेदी विभागात वीस वर्षं काढलेली मी घरी बसले. नवऱ्याचा सिक्युरिटीचा पगार किराण्यात आणि सासूबाईंच्या औषधांत संपतो. लेकीची नर्सिंगची फी भरायची होती. मला चाळीस हजार हवे होते. जुन्या ठिकाणी तेवढेच मिळत.

समोर दोघं. साहेब दादरचे, मऊ आवाजाचे. शेजारी अकाउंट्सच्या मॅडम, माझ्याच वयाच्या. त्या मान वर करत नव्हत्या.

"अरे वा, आपल्याच भागातल्या! डिलाईल रोडला चाळीत?"

"हो. सासऱ्यांची खोली."

"म्हणजे भाडं नाममात्र. छान. सासरे गिरणीत होते?"

"याच आवारात होती ती गिरणी."

"मग ही जागा तुमचीच म्हणायची!" साहेब हसले. मीही हसले. मूर्खासारखी.

आमच्या चाळीत कुणी विचारपूस केली तर तोडून बोलत नाहीत. कुणी विचारायचा अवकाश, दाराला टेकून सगळं सांगायचं. तशीच मी सांगत सुटले. नवरा नोकरीला. मुलगी एकच. तांदूळ गावाहून येतो, देवगडहून. कोकमंसुद्धा. साहेब प्रत्येक उत्तराला "छान" म्हणत. प्रत्येक "छान"ला मॅडमचं पेन थबके. खोली गार पडत चालली होती. खाटीक बोकडाची पाठ चाचपतो, ती मायेने नव्हे. पण बोकडाला बरं वाटत असणार. मला वाटत होतं.

मग मी आकडा सांगितला. साहेबांनी एकेक बोट दुमडलं.

"भाडं नाही. प्रवासखर्च नाही. मिस्टर कमावते. तांदूळ गावचा."

आणि मग ते "गरजच काय?"वालं वाक्य आलं. पाठोपाठ, "बावीस देऊ. घरच्यासारखं समजा."

माझ्या शेतातला तांदूळ यांनी माझ्याच पगारातून वजा केला! वर घरच्यासारखं समजायचं!

खोटं कशाला बोलू, माझी मान होकाराकडे निघाली होती. फी डोळ्यांपुढे होती. तेवढ्यात मला आमचे कागदवाले आठवले. वीस वर्षं त्यांच्याशी घासाघीस केली. पैशापैशावरून भांडले. पण एकालाही कधी म्हटलं नाही, तुझी बायको कमावते ना, मग रीम स्वस्त दे. कागदाचा भाव कागदाचा. आणि माझा भाव माझ्या पिंपातल्या तांदळावर?

मी खुर्ची पुढे ओढली. आवाजात पाक ओतला.

"साहेब, दादरचा फ्लॅट वडिलांचा?"

"हो, पण..."

"छान. मिसेस नोकरीला?"

"बँकेत. याचा इथे काय संबंध?"

"छान, छान. मग तुमचा पगार किती कापला?"

मऊपणा गेला. चेहरा दगडी झाला. "बाई, मर्यादा सांभाळा. तुमच्यासारख्या पन्नास मिळतात. या लाइनीत सगळे मला ओळखतात. एक फोन केला तर परळ-दादरमध्ये कुठे उभं करणार नाहीत तुम्हाला."

ताईची बाई झाले. एका मिनिटात.

मी उठले. पर्स खांद्याला अडकवली.

"करा फोन. खालच्या मजल्यावर मुलाखतीला थांबलेल्या बायकांना मीही सांगून जाते, घरचं काही बोलू नका म्हणून."

दाराशी गेले. दार उघडेना. कार्ड लागतं. साहेब कार्ड काढेनात, माझ्याकडे नुसते बघत राहिले. माणसांना असं बसवून ठेवायची त्यांची सवय असावी, माणसं बसतही असतील.

मी बसले नाही. फी कुठून आणायची ते मला ठाऊक नव्हतं. आजही नाही. पण माझं घर पुन्हा कुणाच्या टेबलावर मांडणार नाही. काय काम करते ते विचारा, त्याचा भाव बोला. बाकी काही मिळणार नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मॅडम उभ्या होत्या. त्यांनी स्वतःचं कार्ड दाराला टेकवलं आणि साहेबांकडे न बघता एकदम ओरडल्या,

"माझं लग्न ठरल्याचं सांगितलं, तेव्हा माझापण पगार असाच कापला होता यांनी!"