चोवीस नंबरची बाभूळ

परवा एका लग्नासाठी इंदापूरकडे चालले होते. अंथुर्णे आलं आणि मी ड्रायव्हरला म्हटलं, जरा आत वळवा... मला एक बाभूळ बघायचीय. तो बिचारा आरशातून माझ्याकडे बघतच राहिला.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी एम.एस्सी. ॲग्री करत होते आणि विषय होता, बांधावरच्या झाडांचं वजन आणि त्यांत साठलेला कार्बन. आई म्हणायची, "झाडांची वजनं करायला कॉलेज कशाला लागतं गं?"

काम तसं सोपं... टेपने खोडाचा घेर घ्यायचा, गेरूने नंबर टाकायचा. पण घेरावरून वजनाचं गणित बसवायचं तर एक झाड खरोखर पाडून खोड, फांद्या, पाला वेगवेगळा वजनकाट्यावर घालावा लागतो. असं उभं झाड कोण देणार? अंथुर्ण्याच्या तात्यांनी दिलं. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरांचा कळप होता, आता शेती आणि आठ-दहा शेळ्या.

सतरा नंबरची बाभूळ ठरली. तात्यांनी आधी खोडाला हात लावून नमस्कार केला, मग कुऱ्हाड घातली. खोड जोखलं, फांद्या जोखल्या... आणि मागे वळून बघते तर पाल्याचा ढीग गायब! कुऱ्हाडीचा आवाज आला की जेवण आलं, हे त्या शेळ्यांना जन्मापासून ठाऊक. आम्ही ओंडक्यांशी झटत होतो, तोवर त्यांनी माझा प्रबंध फस्त केला.

मी रडायच्या बेतात. तात्या अगदी गंभीरपणे म्हणाले, "शेळ्या जोखूया का? सकाळी कंची केवढी हुती ते मला ठावं हाय, वाढलं तेवढा तुझा पाला." मला धड हसूही येईना.

मग ते चोवीस नंबरच्या बाभळीकडे गेले. तिचा घेर जवळपास तेवढाच होता.

"शेळ्या आमच्या, चूक आमची. ही घे."

त्या बाभळीच्या आडव्या फांदीवर दोराची खोल खाच पडली होती. तात्यांच्या बायकोची, अक्कांची, चार पोरं त्या फांदीला बांधलेल्या झोळीत वाढली होती... अक्का खुरपत असायच्या आणि पोर वर झुलत असायचं. अक्का आल्या आणि त्यांनी त्या खाचेवर नुसता हात ठेवला.

आज सांगताना लाज वाटते, पण त्या क्षणी मला ते झाड हवं होतं. सबमिशन तोंडावर आलं होतं. मी गप्प उभी राहिले.

"पोरी, खोड जोखून झालंय न्हवं तुझं?" अक्का म्हणाल्या. "मग निस्त्या पाल्यापायी आख्खी बाभळ कशाला पाडायची? वरनं छाटून घ्या की. शेळ्यांसाठी आमी दरसाल छाटतोच, पुन्यांदा फुटती ती."

इतकी साधी गोष्ट... दोन वर्षं पुस्तकं वाचून मला सुचली नव्हती.

शेळ्या बांधून ठेवल्या. झोळीची फांदी सोडून तात्यांनी बाकीच्या छाटल्या आणि दुपारभर आम्ही तिघांनी काट्यांतून पाला ओरबाडला, झोळीच्या फांदीवरचाही. माझ्या बोटांतले काटे अक्कांनी सुईने काढले, जवळजवळ मांडीवर घेऊनच. सतरा नंबरचा पाला शेळ्यांनी खाल्ला, म्हणून शेजारच्या झाडाचा घेतला, असं प्रबंधात खरं खरं लिहिलं. माझे गाईड सर खूप हसले, पण वाक्य त्यांनी खोडलं नाही.

परवा गेले तर तात्या नाहीत, अक्काही नाहीत. सुनेने चहा दिला. बाभूळ मात्र आहे... गेरूचा नंबर केव्हाच धुऊन गेलाय, खाच सालीने भरत आलीय आणि खोड आता माझ्या कवेत मावत नाही. तरी मी मिठी मारलीच. ड्रायव्हर काय म्हणायचं ते म्हणो.

घरी येऊन जुना प्रबंध काढला. तक्त्यात चोवीस नंबरसमोर पाल्याचं वजन आहे आणि खोडाच्या रकान्यात नुसती रेघ. त्या रेघेवरून बोट फिरवत कितीतरी वेळ बसले होते. अक्का, ती रेघ तुमच्यामुळे राहिली.