पंचनाम्यातली काळी डबी

घरातली लाइट जाऊन परत आली की ती घटना आजही आठवते आणि मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घालू लागतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ही खोड जात नाही.

नव्वदच्या दशकात मी जालन्यात उपनिरीक्षक होतो. एके दुपारी खबर आली की एमआयडीसीतल्या एका बियाणे कारखान्यात सोयाबीनच्या पत्र्याच्या कोठीत कामगार मेला. कोठीच्या तळाशी मोटरवर फिरणारा लोखंडी स्क्रू असतो, तो माल बाहेर ओढतो. ओलसर माल अडकला की मशीन बंद करून कुणीतरी आत उतरतो आणि काठीने तो मोकळा करतो. हा माणूस आत असतानाच स्क्रू फिरला. पाय अडकला आणि वरून माल कोसळला. अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, मशीनच्या पॅनेलला सील ठोकलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. “साहेब, त्यो अपघात न्हाई. सकाळीच मशीनवाल्यानं त्याची गचांडी धरल्ती.”

मशीनवाला म्हणजे ऑपरेटर. मयताच्याच गावचा, आणि घटनेच्या वेळी मशीनपाशी एकटाच. सुपरवायझर म्हणाला, “मी जेवायला गेल्तो, मला काय ठावं न्हाई.” ऑपरेटरला उचलून आणलं.

“भांडण कशावरून झालं?”

तो टोपीची घडी घालत बसला.

“बटण कुणी दाबलं?”

“म्या न्हाई दाबलं, साहेब.”

“मग काय भुतानं दाबलं?”

खोटं बोलणारा माणूस बडबड फार करतो, हा माझा अनुभव. हा तर त्यापुढे तोंडच उघडेना. त्या चिडीत मी त्याच्या कानाखाली लगावली. त्याने गाल चोळला, बस्स. खुनाचं कलम लावायचं मी ठरवलं. लागलं असतं तर जन्मठेप होती.

ठरवलं खरं, पण मन थाऱ्यावर नव्हतं. जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी बांधाच्या एका तक्रारीसाठी वाटूरकडे गेलो. शेतकऱ्याशी बोलत असताना लाइट आली आणि लांबवर विहिरीची मोटर सुरू झाली. तिथे चिटपाखरूही नव्हतं.

“मोटर कुणी चालू केली?”

“ऑटो बसवलंय की, लाइट आली की आपसूक चालू हुती. लाइट कवाबी येती, कोण राखण करत बसंल?” त्याने स्टार्टरची पेटी उघडून दाखवली. आत एक लहान काळी डबी होती.

कारखान्याच्या पंचनाम्यात मीच लिहिलं होतं, ‘पॅनेलमध्ये काळ्या रंगाची लहान डबी.’ लिहून सही केली. ती कशाची, ते विचारलं नव्हतं.

वायरमनला घेऊन पंचांसमक्ष सील तोडलं. मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केला. क्षणभर शांतता, आणि कुणी हात न लावता स्क्रू फिरू लागला. सुपरवायझर खाली बघत होता. काम थांबू नये म्हणून त्याने ती डबी माहीत असूनही चालवून घेतली होती.

ठाण्यात येऊन ऑपरेटरला विचारलं, “डबी कुणी बसवली?”

आता तो रडला. “जो मेला त्यानंच. सोताच्या विहिरीवरची काढून आणल्ती. सकाळी तेच भांडण झालं. काढ म्हणलो, आइकंना. आत उतरणाऱ्यानं फ्यूज काढून खिशात ठेवायचा, हा आमचा रिवाज. पर तवा लाइट गेल्ती, चारला येणार हुती. म्हणला, लाइटच न्हाई तर फ्यूज कशाला? अन् अडीचलाच आली. म्या पळत जाऊन बंद केलं, पर...”

“मग बोलला का नाहीस?”

“मेलेल्या माणसाच्या माथी कसं मारू? त्याची बायको मला राखी बांधती.”

“आणि तुला जन्मठेप झाली असती तर?”

“तुमी हुडकून काढताल, वाटलं.”

त्याला सोडलं. सुपरवायझरवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल केला. पंचनाम्यातल्या प्रत्येक वस्तूला ‘ही कशाची?’ असं विचारल्याशिवाय मी पुढे कधी सही केली नाही, आणि हाताखालच्यांनाही करू दिली नाही. पण ज्याच्या कानाखाली मी लगावली, त्याचा माझ्यावर माझ्याहून जास्त भरवसा होता, याची लाज काही जात नाही. लाइट परत येते, फ्रिज आपोआप गुरगुरू लागतो, आणि मी तोच उजवा हात खिशात घालून घरभर फिरत राहतो.