बेडकीच्या पोटाखालचा पत्रा

मिस्त्रींना पाण्याची भीती होती, आणि उभा जन्म गेला तो पाण्यात चालणाऱ्या गाडीची देखभाल करण्यात. यावर वर्कशॉपमधल्या लोकांनी पुष्कळ हसून घेतलं होतं. मिस्त्रीही हसत. पण तलावाच्या काठापुढे त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही.

गाडी आठ चाकांची, पसरट, वरून उघडी. रस्त्यावर गाडीसारखी धावायची, चिखलातून रेटत जायची आणि पाणी लागलं की चाकं फिरवत सरळ पोहायची. सगळे तिला बेडकी म्हणत. तलावापलीकडच्या वस्तीला दुसरी वाट नव्हती. नर्सबाई, औषधांच्या पेट्या, एखादी अडलेली बाळंतीण, सगळ्यांची ने-आण बेडकीच करायची. आणि ती चालवायचा मिस्त्रींचा धाकटा भाऊ.

आई लवकर गेली, तेव्हा धाकट्याला मिस्त्रींनीच लहानाचं मोठं केलं. पोरगा गुणी, पण उतावळा. सायकल शिकला ती उतारावरच. बेडकीची नोकरी त्याला मिस्त्रींच्या शब्दावर मिळाली होती, आणि ती त्यानं मन लावून केली. पलीकडची म्हातारी माणसं त्याच्या गाडीचा आवाज ओळखून काठावर येऊन बसायची.

एका दुपारी बेडकी परत आली ती पोटात पाणी घेऊन. नर्सबाईंची साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, औषधांची पेटी तरंगत असलेली. गाडीच्या तळाशी संरक्षणासाठी जाड, कडक प्लास्टिकचा पत्रा बोल्टांनी बसवलेला असतो. तो फाटून लोंबत होता आणि आतल्या तळालाही चीर गेली होती. वर्कशॉपचे साहेब, गाड्या धुणारे, वॉचमन, सगळे गोळा झाले.

"दादा, पाण्याखाली दगड होता," धाकटा म्हणाला. "मी हळूच होतो रे."

"तू आणि हळू?" मिस्त्रींचा आवाज चढला. "आज ओळखतो का मी तुला? माणसं बुडाली असती म्हणजे कोणाच्या तोंडाकडे बघितलं असतंस? चार लोकांत माझं नाक कापलंस."

नर्सबाई काहीतरी सांगायला पुढे झाल्या. मिस्त्रींनी हात वर केला. "बाई, तुम्ही त्याची बाजू घेऊ नका. लाडानंच बिघडलाय तो."

धाकट्यानं एकदा दादाकडे पाहिलं. मग ओल्या हातानं किल्ली खिळ्याला अडकवली आणि चालता झाला. महिना संपायच्या आत बायको-मुलीला घेऊन तो मोठ्या शहरात गेला आणि तिथल्या एका गोदामात माल उचलायची गाडी चालवू लागला. फोन व्हायचे, पण कोरडे. तब्येत कशी आहे, बरी आहे, वहिनीला दे. वहिनीशी मात्र तो हसून बोलायचा. मिस्त्री शेजारच्या खोलीतून ते हसणं ऐकत बसायचे.

पुढे साहेब बदलले. नर्सबाई निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेल्या आणि तिथंच वारल्या. बेडकीवर नवी ड्रायव्हर आली. आधी शाळेची बस चालवायची, त्यामुळे सावधपणा अंगात मुरलेला. वॉचमन तिला चिडवायचा, "ताई, जरा दमानं, मागून कासव येतंय, त्याला धक्का लागेल."

ही ताई एके दिवशी पडल्या चेहऱ्यानं गाडी घेऊन आली. बेडकी एका अंगाला कलली होती.

"मिस्त्री, दगड होता पाण्याखाली. दिसलाच नाही. मी तर हळूच होते."

मिस्त्रींनी गाडी ठोकळ्यांवर चढवली, तळाचं बूच काढून पाणी सोडलं आणि पाठीवर पडून खाली सरकले. पत्रा फाटला होता डाव्या बाजूला, तिसऱ्या चाकाच्या जरा पुढे. फटीतून आत गेलेले खडे तळ घासत होते. गंजलेले बोल्ट एकेक करून त्यांनी सोडवले. काहींची डोकीच तुटली, ते कापून काढावे लागले. शेवटचा निघाला तसा पत्रा चिखलासकट छातीवर आला.

तो तसाच धरून ते बराच वेळ पडून राहिले. ताईला वाटलं, लागलं की काय.

धाकट्याच्या वेळचा पत्रा वर्कशॉपमागे होता, नळाखाली पाय धुवायला टाकलेला. मिस्त्री तो उचलून घेऊन आले आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले. चीर त्याच जागी होती, तिरकीही तशीच.

"कुठं लागला दगड?"

"पलीकडे चढताना. धक्क्याच्या अलीकडेच."

मिस्त्रींनी नवा पत्रा कापला, जुना त्यावर ठेवून भोकं पाडली, तळाची चीर भरली. प्रत्येक बोल्टाभोवती पाणी शिरू न देणारा लेप लावून बोल्ट आवळले. मग गाडीच्या पोटात पाणी ओतून खालून हात फिरवत पाहिलं. कुठं थेंब नव्हता.

"चल," ते म्हणाले. "मला दाखव ती जागा."

"तुम्ही? पाण्यातून?"

मिस्त्री बेडकीत बसले. काठ सुटला तसे त्यांचे ओठ पांढरे पडले. दांडी दोन्ही हातांनी धरून ते फक्त समोर बघत राहिले. पलीकडच्या धक्क्याजवळ ताईनं गाडी थांबवली आणि वल्ह्यानं पाण्यात चाचपलं. टक्क आवाज आला. मिस्त्रींनी वल्हं मागून घेतलं आणि स्वतः चाचपलं. वरून नुसतं गढूळ, शांत पाणी. खाली वीतभर अंतरावर खडकाची धार, गाडीच्या वाटेत आडवी. तलावाचं पाणी असं उतरलं की कितीही हळू आलं तरी टेकणारच.

"आधीचा ड्रायव्हर सांगून गेला होता," काठावरचा एक म्हातारा म्हणाला. "निशाणी लावा म्हणाला. लावायची राहून गेली. फार चांगला होता हो. आता कुठं असतो?"

मिस्त्रींनी गाडीतला बांबू काढला, लाल चिंधी बांधली आणि कंबरभर पाण्यात उतरून खडकाच्या फटीत ठोकून बसवला.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, माझ्या भावाची चूक नव्हती. लोक ऐकत होते, पण बहुतेक नवे, त्यांना काही कळेना. त्या दुपारचं माणूस म्हणून एकटा वॉचमन उरला होता. तो मान खाली घालून म्हणाला, "मिस्त्री, ते आम्हाला तेव्हाच वाटलं होतं."

संध्याकाळी त्यांनी फोन लावला. सगळं सांगितलं, खडक, पत्रा, चीर. "माझं चुकलं रे. तुला बोलायला नको होतं. निदान बाईंना तरी बोलू द्यायला हवं होतं. आता ये परत. साहेबांशी मी बोलतो."



"दादा, तू पाण्यात उतरलास?"

"हो."

"अरे बाप रे." धाकटा हसला. "परत कसा येऊ? मुलीची शाळा इथली, हिचं काम इथलं. आता आमचं घर इथंच आहे. तेव्हा एकदा म्हणाला असतास ना, दुसऱ्या दिवशी जरी…" वाक्य त्यानं तिथंच सोडलं. "सुट्टीत येऊ आम्ही. चार दिवस."

"या," मिस्त्री म्हणाले. "सगळे या."

वहिनी दारात उभ्या होत्या. "काय म्हणाले भावजी?"

"सुट्टीत येतोय. चार दिवस."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि कितीतरी वेळ तिथंच बसून राहिले. वहिनींनी दिवा लावला, तेव्हा ते हात धुवायला उठले.