साहेबांची दुसरी सही

माझी मावशी आरोग्य केंद्रात नर्स आहे, गेली बत्तीस वर्षं. इंजेक्शन देण्याआधी ती सिरिंजचं पाकीट पेशंटच्या डोळ्यांसमोर धरते, "बघा, बंद आहे ना?" असं विचारते आणि समोरचा हो म्हणाल्याशिवाय ते फोडत नाही. तापाने फणफणलेल्या माणसालाही सुटका नाही. त्यामुळे सगळे तिला दाखवबाई म्हणतात. मी त्याच केंद्रात केसपेपरच्या खिडकीत बसते, त्यामुळे हा प्रश्न मला दिवसातून शंभरदा ऐकू येतो.

या सवयीचं कारण माझी आई. मी चार वर्षांची होते. आईच्या पायात खिळा गेला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला ती आपल्या सख्ख्या बहिणीकडे आली. तीन महिन्यांनी तिचे डोळे पिवळे झाले. आईने इंजेक्शन घेतलं त्याच आठवड्यात टोचून घेतलेल्या आणखी सहाजणींना कावीळ झाली. त्या वाचल्या, आई गेली.

त्या काळी देशाचं औषध धोरण नावाचं एक जाडजूड पुस्तक निघालं होतं. त्यातल्या यादीप्रमाणे केंद्रांना माल यायचा. इंजेक्शनच्या बाटल्या खोक्यांनी आल्या, सिरिंज एकही आली नाही. मावशीने विचारणा केली तेव्हा उत्तर आलं, की सिरिंज हे औषध नाही, सबब औषधांच्या यादीत ती बसत नाही. मग बाटलीतलं औषध माणसाच्या अंगात फुंकर मारून घालायचं की काय, ते मात्र कुणी कळवलं नाही. पाठोपाठ परिपत्रक आलं: 'केंद्रांनी उपलब्ध सिरिंज उकळून पुन्हा वापराव्यात. यात कोणताही धोका नाही.' खाली खरेदी विभागाच्या मोठ्या साहेबांची लांबलचक सही आणि सहीखाली दोन टिंबं.

मावशीकडे काचेच्या बारा सिरिंज होत्या आणि एक स्टोव्ह. रॉकेल महिन्यातून एकदा यायचं आणि दाराबाहेर रोज दीडशे माणसं. सुई वीस मिनिटं उकळायची, हे तिला पाठ होतं. चौकशीतही तिने वीसच सांगितली. साहेबांनी तर सरळ कानांवर हात ठेवले. शेवटी नर्सचा निष्काळजीपणा असा शेरा मावशीच्या नावावर बसला आणि साहेबांना बढती मिळाली.

अकरा वर्षांनी धोरण बदललं. आता जितके डोस तितक्या सिरिंज बरोबर येतात, त्याही अशा की एकदा दट्ट्या दाबला की तो अडकतो आणि पुन्हा वापरायची सोयच राहत नाही. मावशीने ते जुनं परिपत्रक मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलं. मला तिने वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं आणि त्या सहीवाल्या माणसाचं नाव अक्षरं गिरवण्याच्या वयात माझ्याकडून पाठ करून घेतलं.

मागच्या महिन्यात खिडकीसमोर एक म्हातारा आला. मुलाचं लाडकं कुत्रं त्याच्या पोटरीला चावलं होतं. नाव सांगितलं आणि माझं पेन थांबलं. केसपेपर घेऊन मी स्वतःच आत गेले.

"मावशी, तो आलाय."

तिने नाव वाचलं, जखम नीट धुतली आहे का ते विचारलं आणि सिरिंजच्या गच्च भरलेल्या कपाटाला कुलूप घातलं.

"जुनी सुई दे त्याला," मी म्हणाले. मी हे गमतीने म्हणत नव्हते. तिने खालच्या खणातून एक काचेची सिरिंज काढली, भांड्यात टाकली आणि भांडं शेगडीवर ठेवलं. मी तिला अडवलं नाही.

"बसा साहेब," ती म्हणाली. "सिरिंज संपल्यात. ही उकळून देते. चार मिनिटं लागतील."

"उकळून? अहो बाई, हल्ली असं कोण करतं?"

"यात कोणताही धोका नाही."

साहेबांना आपलंच वाक्य ओळखता आलं नाही. "मला नवीन पाहिजे. मी बाहेरून मागवतो."

"बाहेरची इथे चालत नाही. नवीनच पाहिजे तर कारण लिहून द्या, मग बघते काय करता येतं ते."

जिवावर बेतल्यावर माणूस सुवाच्य लिहितो. त्यांनी लिहिलं: 'उकळून पुन्हा वापरलेली सिरिंज मला मान्य नाही. त्यात जिवाला धोका आहे.' खाली तीच लांबलचक सही आणि दोन टिंबं. मावशीने कागद घेतला, शेगडी बंद केली, कपाट उघडलं. भरलेले कप्पे बघून साहेबांनी आ वासला. तिने पाकीट त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. "बघा, बंद आहे ना?"

इंजेक्शन झाल्यावर तिने ते परिपत्रक आणि हा कागद भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवले, बरोबर इंजेक्शनच्या खुर्चीच्या वर. साहेबांनी दोन्ही सह्या पाहिल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मला इतका आनंद झाला की मी लपवलाही नाही.

कुत्रं चावल्यावरची ही लस आसपास फक्त आमच्याकडे मिळते आणि तिचे पाच डोस असतात. तिसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा रांगेतली एक बाई दोन्ही कागद मोठ्याने वाचून दाखवत होती.

"हे काढा," साहेब म्हणाले.

"माझ्या बहिणीला उठवून आणा, लगेच काढते."

साहेबांनी बाही वर केली आणि शांतपणे विचारलं, "सही माझी असेल. पण टोचलं कुणी, बाई?"

मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण हाच प्रश्न लहानपणापासून माझ्याही पोटात होता आणि मी तो एकदाही ओठांवर आणला नव्हता. मावशीने नेहमीसारखं पाकीट दाखवलं, इंजेक्शन दिलं, सिरिंज डब्यात टाकली. रांग संपल्यावर तिने कोरा कागद घेतला. संध्याकाळी भिंतीवर तीन कागद होते. तिसऱ्यावर लिहिलं होतं: 'ती सुई चारच मिनिटं उकळली होती. चौकशीत मी खोटं सांगितलं. बहिणीला मीच टोचली.' खाली तिची सही, हुद्दा आणि तारीख.

त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिनेही मनधरणी केली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी त्या कागदाचा एक कोपरा सुटलेला दिसला, तो मी पुन्हा चिकटवला.

सातव्या दिवशी साहेब आले. तिन्ही कागद त्यांनी सावकाश वाचले, मग त्या कागदांखालच्या खुर्चीत बसले. मावशीने पाकीट समोर धरलं. या वेळी त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, चारही कडा बोटाने चाचपल्या.

"तपासा नीट," मावशी म्हणाली. "अजून दोनदा यायचंय तुम्हाला."