देवीच्या ओटीतली पोर

सुशीची आई गेली आणि माझी देवपूजा सुटली. ठरवून सोडली असं नाही. तेरावा झाला, पाहुणे गेले, दुसऱ्या दिवशी अंघोळ करून सवयीनं पाटावर बसलो. देव ताम्हनात काढले आणि हातच पुढे चालेना. बाळकृष्णाला दूध-साखरेचा नैवेद्य दाखवायचा, आणि आत माझं तान्हं लेकरू दुधावाचून टाहो फोडत होतं. मी देव तसेच फडक्यात गुंडाळले आणि फळीवर ठेवून दिले. देवावर रागावलो होतो असंही म्हणवत नाही. रागवायलासुद्धा अंगात थोडं बळ लागतं, ते माझ्यात उरलं नव्हतं.

मी तेव्हा अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एका खेड्यात बोर्डाच्या शाळेवर मास्तर होतो. लढाईचे दिवस होते, रॉकेल आणि साखर दोन्ही दुर्मिळ. शाळा आणि आमचं बिऱ्हाड एकाच कौलाखाली, मध्ये एक कुडाची भिंत. श्रावणातली सकाळ होती. मी मुलांकडून पाढे म्हणवून घेत होतो आणि पलीकडे सुशीची आई चूल पेटवायला पडवीतल्या गोवऱ्या काढत होती. गोवऱ्यांच्या ढिगात हात घातला आणि तिला पान लागलं. साप चावला असं आमच्याकडे तोंडानं कुणी म्हणत नाही. अकोल्याला डॉक्टरकडे न्यायचं तर मधला ओढा दुथडी वाहत होता. गावातल्या जाणत्यानं पाला चोळला, मंत्र घातले. दुपार व्हायच्या आत सगळं संपलं. पाढ्यांचा आवाज नसता तर तिची पहिली हाक मला ऐकू आली असती का, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

मागे सुशी सात वर्षांची, मधू चार वर्षांचा, आणि एक मुलगी दीड महिन्याची. आजोळी जाऊन बारसं करायचं म्हणून तिचं नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं. सासूबाई तेराव्याला आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "मोठी दोघं मी नेते. तान्हीचं काय ते दैव बघेल. तुम्ही आता दुसरं बघा." त्यांचंही चुकलं नव्हतं, त्यांची लेक गेली होती. पण मी मुलं दिली नाहीत. दिली असती तर त्या घरात मी एकटा काय केलं असतं? मग चुलीपुढे बसलो. माझी भाकरी बघून मधू खो खो हसायचा आणि हसता हसताच विचारायचा, "नाना, आई कधी येणार?" सुशीच्या वेण्या मला घालता येत नसत, म्हणून ती केस मोकळेच ठेवून शाळेत बसे.

हे सगळं कसंबसं निभलं असतं. निभत नव्हतं ते तान्हीचं. गाईचं दूध पाणी घालून दिलं, शेळीचं दिलं, कापसाच्या वातीनं थेंब थेंब सोडून पाहिलं, पोटात काही ठरेना. गावात अंगावर पाजणाऱ्या बाया होत्या. एकीनं चार दिवस पाजलंही. मग तिच्या सासूनं तिला घरातून बाहेर पडू दिलं नाही. पोर पांढऱ्या पायाची आहे, आईला गिळून बसली, आता आपल्या घरात पाय ठेवील, असं सगळीकडे झालं होतं. मी दारोदार गेलो. ज्या घरांतली मुलं माझ्या हाताखाली शिकली त्या घरांत गेलो. दारातच गूळपाणी मिळे, आत बोलावणं होत नसे. घरी येऊन पाहावं तर सुशी भिंतीला टेकून बसलेली आणि मांडीवर ती पोर. शेजारच्या यसाबाई नावाच्या म्हातारीनं दूध पाजायचं कसं ते तिला शिकवलं होतं, आणि सुशी दिवसभर तेवढंच करत असे. पोरीचे हातपाय काड्यांसारखे झाले होते. रडणं बंद होऊन नुसती कण्हत असे. एका सकाळी सुशीनं मला विचारलं, "नाना, ही अशी गार का लागते?"

त्या प्रश्नानं मी हादरलो. सुशीनं महिन्याभरापूर्वीच आईला जाताना पाहिलं होतं. आता ही तिच्याच मांडीवर जीव सोडणार, आणि आपण नीट पाजलं नाही म्हणून ती गेली असं सुशी जन्मभर समजणार. तेवढं तरी टळावं, एवढीच माझी इच्छा उरली होती. यसाबाई उंबऱ्यात येऊन म्हणाली, "मास्तर, डोंगरावरल्या देवीच्या वटीत घाला तिला. ठिवली तर तिची, दिली तर तुमची." मला देवीकडून काही नको होतं. पण पोरीला घरातून बाहेर न्यायला निमित्त हवं होतं. शाळेला सुटी दिली, दोन्ही मुलं यसाबाईकडे सोपवली, आणि पोरीला तिच्या आईच्या लुगड्यात गुंडाळून डोंगर चढू लागलो. खरं सांगायचं तर ती परत येईल असं मला वाटत नव्हतं. वर नेऊन, शेवटपर्यंत तिच्यापाशी बसून, एकट्यानं खाली यायचं, असंच मनात धरलं होतं.

पाऊस नव्हता, पण धुकं इतकं की हातभर पुढचं दिसेना. देवीचं देऊळ म्हणजे चार दगडी खांब आणि वर पत्रा. ज्यांना नवसानं मूल होतं ते तिथं लाकडी पाळणा आणून टांगतात. आत गेलो तर एक बाई देवीपुढे बसली होती. शेजारी नवाकोरा छोटा पाळणा. मला वाटलं, नशीबवान आहे, नवस फेडायला आलीय. तिच्याकडे बघवेना, म्हणून मी पाठ फिरवून खांबापाशी बसलो. तेवढ्यात पोर बारीक आवाजात कण्हली.

बाई झटकन वळली. "दादा, कोन हाय ते? कुनाचं लेकरू?"

मी सांगितलं. एवढ्या दिवसांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळंच सांगून टाकलं, सापाचं, दुधाचं, सुशीचं. ती ऐकत होती आणि तिची चोळी समोरून भिजत होती. माझ्या लक्षात येऊन मी मान खाली घातली. ती म्हणाली, "माझा ल्योक गेला. आठ दिस झालं. नवसाचा हुता. समदी म्हनली, आता कशाचा पाळना? म्या म्हनलं, तिनं दिला हुता न्हवं? दिला त्याचा पाळना, नेला त्याचं भांडान निराळं. आनि हितं आल्यापसून भांडतीया तिच्यासंगं."

मग तिनं हात पुढे केले. मी पोर द्यायला वाकलो तर तिनं हात मागे घेतले. "आसं न्हाई. फुकाट घ्यायची न्हाई. देवीपुढं इकत घेते. म्हंजी तुमच्या घरची इडापिडा तिच्या मागं येनार न्हाई, आन् माझ्या घरची बी तिला लागनार न्हाई." देवीची ओटी भरायला आणलेले पसाभर तांदूळ तिनं माझ्या उपरण्यात ओतले. मी एरवी असल्या गोष्टींना हसणारा माणूस. त्या दिवशी मुकाट्यानं उपरणं पसरलं आणि माझी मुलगी विकली.

पोरीला ओढायची ताकद नव्हती. पहिलं दूध ओठांवरून नुसतं ओघळलं. बाईनं तिचे गाल चोळले, पायाला चिमटे काढले, "पी गं बये, पी," म्हणत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. मग गिळल्याचा आवाज आला. तो ऐकून मी त्या ओल्या फरशीवर बसून मोठ्यानं रडलो. बायको गेली तेव्हासुद्धा मी असा रडलो नव्हतो.

ठमाबाई तिचं नाव. डोंगराच्या पलीकडच्या वाडीतली. तिच्या सासूनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पोर घरात घेतली. मी दर रविवारी डोंगर ओलांडून तिला बघायला जात असे. दिवाळीपर्यंत ती बाळसेदार झाली. तिथं तिला चिमी म्हणत, मीही तेच नाव धरलं. मी मात्र सावरलो असं झालं नाही. घर रिकामंच होतं, सुशी अजून झोपेत दचकून उठायची. पण फळीवरचे देव मी खाली काढले. सुशीनं मधल्या काळात त्यांना चोरून फुलं वाहिलेली होती, फडक्यात सुकलेल्या पाकळ्या सापडल्या. मागायचं म्हणून नव्हे, तिच्यापुढे लाज वाटून मी पूजेला बसू लागलो.

देवीची कृपा झाली असं लोक मला म्हणत. मीही मान डोलवी, पण जीभ अडखळे. माझ्या पोरीच्या वाट्याला दूध आलं ते दुसरीचा पाळणा रिकामा होऊन. ती कृपा असेल तर ठमाबाईच्या बाजूनं तिला काय म्हणायचं? धुक्यात त्याच सकाळी ती तिथं होती, एवढंच मला माहीत आहे.

चिमीला परत मागायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. ठमाबाईला पुन्हा दिवस गेले नव्हते, आणि पोर तिला बिलगून असे. दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस एक दिवस तीच खाली आली. कडेवर चिमी. अंगणात तिला उतरवलं, तशी ती दुडुदुडु चालत सुशीपाशी गेली. "भात खाया लागली, चालाया लागली," ठमाबाई म्हणाली. "आता बापाची."

मी म्हटलं, "राहू दे तुझ्यापाशी. तूच तिची आई आहेस."

"त्येच तर," ती म्हणाली. "आये म्हनाया लागलीया, मास्तर. आजून चार दिस ऱ्हायली तर माझ्याच्यानं देववायची न्हाई."

घरातलं एकच धडकं लुगडं मी सुशीच्या हातानं तिच्या ओटीत घातलं. ते काखेत मारून ती निघाली. चिमी तिच्यामागे धावत कुंपणापर्यंत गेली आणि "आये, आये" करून आकांत मांडला. ठमाबाईनं मागे वळून पाहिलं नाही. पदर तोंडात कोंबून भराभर चालत ती वळणाआड गेली.

मी पोरगी देवीच्या ओटीत घातली, असं गावात अजून मोठ्या कौतुकानं सांगतात. मी कुठली घालतोय? हातातून निसटत चाललेलं लेकरू मी वर नेऊन ठेवलं होतं. भरलेली ओटी रिकामी केली ती ठमाबाईनं, आणि तीही स्वतःच्या पायांनी डोंगर उतरून येऊन. पूजेच्या शेवटी 'सगळं तुझंच आहे' असं म्हणायची आमच्या घरची रीत आहे. ते शब्द ओठांवर आले की मला ती बाई पाठमोरी दिसते आणि मी थबकतो. हात जोडतो, तिच्यासाठी आयुष्य मागतो, आणि ते शब्द मनातल्या मनात, जरा भीत भीतच म्हणतो.