मामांच्या नाकाचा भरवसा

शेगडीवाल्या मामांना खरं नाव होतं, पण ते आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. मामींच्या तोंडी ते ‘अहो’ आणि बाकी सगळ्यांच्या तोंडी मामा. त्यांच्याहून वयाने थोरली माणसंसुद्धा त्यांना मामाच म्हणायची, आणि हा मान त्यांनी कमावला होता तो नाकाच्या जोरावर.

गॅस कुठून गळतोय हे मामा वासावरून सांगत. इतर कारागीर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधतात. मामांना कुणी भाबडेपणाने साबणाचं पाणी आणून दिलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. “साबण भांड्यांना लावा ताई, मला देवानं हे दिलंय,” असं म्हणून ते नाकावर बोट ठेवत. मग त्यांचा थाट सुरू व्हायचा. आधी उंबऱ्यातच थांबून एक श्वास. घरभर गॅस साठला असेल तर ते तिथूनच ओळखत आणि कुणाला बटणाला हातही लावू देत नसत. तसं काही नसेल तर मात्र पंखा बंद, खिडक्या बंद, घरची मंडळी दाराबाहेर. गॅस खाली बसतो म्हणून मामा गुडघे टेकून अगदी फरशीला नाक लावत आणि तिथून सिलिंडरकडे, नळीकडे, शेगडीकडे डोळे मिटून सरकत. मंडळी दारात श्वास रोखून उभी. शेवटी मामा उठत, गुडघे झटकत आणि म्हणत, “चोख!” त्या एका शब्दावर त्या घरातली माणसं निर्धास्त झोपत.

पूर्वी त्या भागात शेगड्या दुरुस्त करणारे चार-पाचजण होते. त्यातला एक टॅक्सी चालवायला लागला, एकाने मोबाइलची कव्हरं विकायला घेतली, आणि ज्यांनी सगळ्यांना शिकवलं ते उस्ताद देवाघरी गेले. नवीन कुणी या कामात आलं नाही. मामांचा स्वतःचा मुलगाही थंडगार ऑफिसात खुर्चीवर बसतो, आणि मामांना त्याचं कौतुकच आहे. गॅस कंपनीचा नंबर फिरवला तर आधी यंत्र बोलतं, मग कधीतरी इस्त्रीच्या कपड्यातला एक मुलगा येतो, शेगडीकडे बघून “पूर्णच बदलावी लागेल” म्हणतो आणि जातो. त्यामुळे सगळ्यांची भिस्त मामांवर. हिवाळ्यात मामा सर्दी-तापाने आडवे झाले तेव्हा निरोपावर निरोप आले, पण तब्येत कशी आहे हे एकानेही विचारलं नाही. “कधी येताय?” एवढंच. मामींना राग आला. मामा मात्र पांघरुणात खूश होते.

ताप उतरल्यावर पहिलं काम निघालं ते शिवणवाल्या ताईंकडे. पायाच्या मशीनवर कपडे शिवणाऱ्या या ताई वरच्या मजल्यावर आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत. आजींची गादी फरशीवरच, स्वयंपाकघराच्या दाराशी. सकाळपासून वास येतोय म्हणून ताईंनी बोलावलं होतं. मामांनी नळी पाहिली, ती कडक झाली होती. त्यांनी नळी बदलली, मग नेहमीचा सगळा थाट केला आणि म्हणाले, “चोख!”

ताई दारातच घुटमळल्या. “मामा, मला अजून जरासा येतोय हो.”

“तो नाकात बसलेला वास, ताई. संध्याकाळपर्यंत जाईल.”

“हो का? मग असेल तसंच,” ताई म्हणाल्या. थंडी होती, खिडक्या बंदच राहिल्या.

घरी येऊन मामा जेवले. मामी न्हाणीघरात कपडे धुवायला गेल्या आणि जाताना शेगडीवर ठेवलेल्या दुधाकडे लक्ष ठेवायला सांगून गेल्या. मामा शेगडीकडे पाठ करून, तिला जवळजवळ टेकूनच, एक जुना बर्नर घासत बसले. थोड्या वेळाने मामी हातातला कपडा टाकून किंचाळतच धावत आल्या. दूध आटून, करपून, पातेल्याच्या बुडाशी कोळसा झाला होता आणि खोलीत धूर भरला होता.

“अहो, तिकडे मोरीत मला वास आला! तुमचं नाक आहे की नुसती भोकं?”

मामा हसले. हसता हसता त्यांनी पातेलं उचलून नाकाशी नेलं. काहीच नाही. त्यांनी फळीवरची फिनेलची बाटली उघडली, त्यात जवळजवळ नाक बुडवलं. डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही. मग कांदा, मग मामींच्या गुडघ्यांचा बाम. मामी बघत राहिल्या. मामांचं हसू केव्हाच ओसरलं होतं.

“सकाळी,” ते म्हणाले. “सकाळी मी त्यांना चोख म्हणून आलो.”

ताई सांगत होत्या. त्यांचं नाक बरोबर होतं, आणि आपण त्यांना खोटं पाडून आलो. सकाळपासून त्या बंद घरात गॅस खाली बसतोय, आणि खालीच आजींची गादी आहे. आणि ताई शिवलेले कपडे दुपारनंतर विजेच्या इस्त्रीने कडक करतात, हेही त्यांना आठवलं आणि त्यांनी फोन उचलला.

ताईंचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. मग मामांनी टॅक्सीवाल्या जुन्या मित्राला लावला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. “अरे, कंपनीला कळव ना,” तो म्हणाला. कंपनीच्या यंत्राने आपला कॉल महत्त्वाचा आहे असं सांगितलं आणि मग एक बाई म्हणाली, “परवा माणूस येईल, सर.” मामा चपला न घालता बाहेर पडले. मामी हत्यारांची पिशवी घेऊन मागून धावल्या आणि फाटकाशी ती त्यांच्या खांद्याला अडकवली.

रस्त्याने लोक “काय मामा, बरं वाटतंय का?” म्हणत होते. मामा कुणाकडे बघत नव्हते. ते कान देऊन चालत होते, मध्येच पळत होते, की कुठे स्फोट तर ऐकू येत नाही ना. एका ट्रकचा मागचा फाळका धाडकन पडला तेव्हा ते भिंतीला धरून उभेच राहिले. गुडघा बोंबलत होता. देवा, नाक नेलंस ते नेलंस, हे पाप नको, असं ते मोठ्याने बोलले. एक शाळकरी मुलगी त्यांच्याकडे बघून बाजूला झाली.

जिना चढून ते वर आले, तर ताईंच्या समोर राहणाऱ्या काकू हातात शिवायचं कापड घेऊन ताईंच्या दाराची घंटी दाबायच्या बेतात. मामांनी झेप घेऊन त्यांचा हात धरला.

“अगंबाई! मामा!”

“घंटी नको! ठिणगी पडते. काकू, वास येतोय का? नीट घ्या. सांगा मला.”

काकूंना हसूच आलं. “तुम्ही असताना मला काय विचारताय? तुमच्यापुढे माझं नाक ते काय!”

मामांनी ओठ आवळले. पुढचं वाक्य त्यांनी आजवर कुणालाही म्हटलं नव्हतं, मामींनाही अजून धड म्हटलं नव्हतं.

“मला येत नाही, काकू. कसलाच वास येत नाही. तुम्हीच सांगा.”

काकूंचा चेहरा पडला. त्यांनी दाराच्या फटीशी वाकून श्वास घेतला आणि मागे सरल्या. “येतोय हो,” त्या हळूच म्हणाल्या.

मामांनी दार दोन्ही मुठींनी बडवलं. आतून मशीनची खडखड येत होती, ती थांबली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कडी निघाली. ताई डोकं धरून उभ्या होत्या, खांद्यावर नवाकोरा झगा.

“मामा? आता इस्त्री लावायलाच उठत होते.”

मामा त्यांना बाजूला सारून आत घुसले. आधी सिलिंडरची कळ बंद केली, मग एकेक खिडकी उघडली, मग गादीकडे धावले. आजी डोळे मिटून पडल्या होत्या. मामांनी त्यांना हलवलं. हाताला गार लागलं. त्यांनी पुन्हा हलवलं.

“मेला तो वास,” आजी पुटपुटल्या. “सकाळपासून सांगतेय. ही म्हणते, मामा चोख म्हणालेत, तू गप्प पड.”

ताईंनी आणि काकूंनी मिळून आजींना गॅलरीत नेऊन बसवलं. मामा भिंतीला टेकून खाली बसले आणि सगळ्यांसमोर रडले. घर पुरतं मोकळं झाल्याचं काकूंच्या नाकाने सांगितलं, तेव्हा कुठे ते उठले आणि म्हणाले, “ताई, वाटीभर साबणाचं पाणी द्या.” कळ जराशी उघडून त्यांनी फेस लावला. बुडबुडे नळीशी नव्हतेच. सिलिंडरच्या तोंडाशी, झिजलेल्या रबरी वॉशरपाशी ते टपाटप फुगत होते. नाक असतं तर एका श्वासाचं काम. मामांनी वॉशर बदलला, पुन्हा फेस लावला. बुडबुडे थांबले.

“चोख ना, मामा?” ताईंनी विचारलं.

“तुम्ही सांगा, ताई. तुम्हाला येतोय का?”

ताईंनी वास घेतला, पुन्हा घेतला आणि रडवेल्या झाल्या. “मला नाही कळत हो. सकाळी येत होता, तर तुम्ही नाही म्हणालात. आता मला काय कळणार? तुम्हीच म्हणा ना चोख.”

मामा ते म्हणाले नाहीत. त्यांनी पिशवी उचलली. जिन्याशी काकू वाट बघत होत्या.

“मामा, आलाच आहात तर आमचंही बघून जा. कालपासून मला सारखा भास होतोय.”

“काकू, मगाशी ऐकलंत ना तुम्ही? माझं नाक गेलंय.”

“ऐकलं हो. येईल परत. पण तुम्ही एकदा बघून चोख म्हटलंत की मला झोप लागेल. तुम्ही नाही, तर बोलवायचं कुणाला?” असं म्हणत काकू लगबगीने आपल्या घरात शिरल्यासुद्धा.

मामा त्यांच्या उंबऱ्यात थांबले. सवयीने त्यांनी श्वास घेतला, खोल, आणि त्या श्वासात काहीच नव्हतं. ते ओरडायला तोंड उघडतात तोच आत पंख्याचं बटण खट्ट वाजलं. मामांनी डोळे गच्च मिटले. मग एक खिडकी लागल्याचा आवाज आला, मग दुसरी.

“या मामा,” आतून काकू म्हणाल्या. “सगळं तुमच्या पद्धतीनं करून ठेवलंय.”